विजूची चूकवही

माझी चूक आधीच कबूल करून टाकते. क्षचा वर्ग बरोबर पाच क्ष, असं एक गणित होतं. नववीतली मुलंही चालता चालता सोडवतील असं. मी दोन्ही बाजूंचा एकेक क्ष खोडला, खाली 'क्ष बरोबर पाच' लिहिलं, त्याखाली ठसठशीत दोन रेघा ओढल्या आणि पेन खाली ठेवलं. ज्यांना गणित येतं ते आत्ता हसले असतील. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी सांगते, या गणिताला दोन उत्तरं आहेत. पाच हे एक आणि शून्य हे दुसरं. क्षच्या जागी शून्य ठेवून बघा, दोन्हीकडे शून्यच येतं, कुठे काही अडत नाही. पण क्ष खोडला की त्याच्याबरोबर ते शून्यही जातं, आणि गेलेलं कळतसुद्धा नाही. माझी मैत्रीण विजू हिने ते मला दाखवलं आणि मी ऐकलं नाही. नुसतं ऐकलं नाही असंही नाही, मी तिच्याशी बोलणंच बंद केलं. अडुसष्टावं वर्ष, गुडघ्याला पट्टा, घरात नातीचे फोटो, आणि एका शून्यावरून अबोला! नऊ दिवस.

दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या ठोक्याला फोन वाजला. अकरा ही आमची रोजची वेळ. स्क्रीनवर 'विजू' अशी अक्षरं होती. मी मुद्दाम चार रिंग होऊ दिल्या. आली बाई शरण, असं मनाशी म्हणत पदर खोचला, खुर्चीत नीट बसले आणि मग फोन उचलला. हॅलो नाही, काही नाही. म्हणाले, "आधी कबूल कर, शून्य हे काही उत्तर नव्हे. मगच पुढचं बोलेन." पलीकडे शांतता. हसू दाबतेय, असं मला वाटलं. मग पुरुषाचा आवाज आला. "मावशी, मी अमोल बोलतोय… आई गेली. पहाटे, झोपेतच." अमोल म्हणजे तिचा मुलगा. मी "बरं" म्हणाले. गॅसचा सिलिंडर उद्या येईल असं कुणी सांगितल्यावर म्हणतात, तसं. माझ्या त्या पहिल्या वाक्याबद्दल अमोलने आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही. गुणी मुलगा आहे. आईवर गेलाय.

विजू माझी कॉलेजातली मैत्रीण. ठाण्यातल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आम्ही एका बाकावर बसायचो. तेव्हाच्या मला तुम्ही बघायला हवं होतं. दोन वेण्या, नाक वर, आणि बीजगणितात आपला हात धरणारा ठाणे जिल्ह्यात कुणी जन्मलेला नाही, अशी पक्की खात्री. शाळेत मार्कही तसेच मिळाले होते. कॉलेजात सरांनी फळ्यावर ग्रीक अक्षरं काढायला सुरुवात केली तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर कैऱ्या काढत बसले. म्हटलं, हे काय, परीक्षेच्या आदल्या दिवशी बघू. सहामाहीचा पेपर मी अर्धा तास आधी देऊन बाहेर पडले होते, सगळ्यांनी बघावं म्हणून. निकाल लागला तेव्हा बोर्डापुढे फार गर्दी आहे, मला सोसत नाही, असं सांगून मी विजूला पुढे पाठवलं. ती परत आली. माझा हात उलटा करून तळव्यावर पेनाने लिहिलं, ११. पन्नासपैकी. आजूबाजूला मुली होत्या ना, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मग आपल्याच हाताने माझी मूठ मिटली. तिला स्वतःला एकतीस होते. ते मला चार दिवसांनी दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं.

घरी जाऊन मी जाहीर केलं की गणितात मला आता रस उरलेला नाही. पहिलं स्थळ आलं त्याला होकार दिला आणि डोंबिवलीत येऊन पडले. आणि पुढची पन्नास वर्षं, हळदीकुंकवापासून सोसायटीच्या सत्यनारायणापर्यंत, जिथे कुणी विचारेल तिथे उसासा टाकून सांगत आले, "फार आवड होती हो गणिताची, पण सासरच्यांनी शिकू दिलं नाही." ऐकणाऱ्या बायकांचे डोळे भरून यायचे. माझेही यायचे, इतकं ते मला चांगलं जमत होतं. खरी गोष्ट अशी की लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात माझ्या सासऱ्यांनी कॉलेजचा फॉर्म आणून माझ्या हातात दिला होता. म्हणाले होते, सूनबाई, फीची काळजी करू नका. तो फॉर्म मी ट्रंकेच्या तळाशी कागद म्हणून अंथरला आणि वर हिवाळी कपडे रचले. ही गोष्ट जगात एकट्या विजूला माहीत होती. माझ्या तोंडून तो उसासा तिने निदान वीस वेळा ऐकला असेल. दर वेळी ती चहाच्या कपात बघत बसायची. बोलली कधीच नाही.

तिला मात्र खरोखरच शिकू दिलं नाही, माणसांनी नव्हे, परिस्थितीने. दुसऱ्या वर्षाला असताना तिचे वडील गेले, पाठची दोन भावंडं होती. ती वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात लागली. तिथे वाफेचा दाब दाखवणारी, घड्याळासारखी तबकडी असलेली यंत्रं बनायची. गेज म्हणतात त्याला. विजू गेज तपासायची. दाब द्यायचा, काटा बघायचा, दाब सोडायचा, मग काचेवर नखाने हलकी टिचकी मारायची आणि काटा शून्यावर परत येतो का ते बघायचं. केसभर जरी अलीकडे राहिला तरी तो गेज बाद. तेहतीस वर्षं हेच काम. त्या टिचकीची तिला इतकी सवय लागली होती की भाजीवाल्याच्या काट्यालाही टिचकी, डॉक्टरांच्या रक्तदाबाच्या यंत्रालाही टिचकी. मी काही मूर्खासारखं बोलले तर माझ्या कपाळावर टिचकी, आणि मग जरा वेळ थांबून बघायची, मी शून्यावर येतेय का.

माझे यजमान गेले त्याला आता चार वर्षं झाली. मुलगा पुण्यात. दोन खोल्यांत मी आणि टीव्ही. गेल्या वर्षी एकदा नात, सई, फोनवर गणित अडलं म्हणून रडकुंडीला आली होती, तेव्हा मी सवयीने माझा उसासा काढला. फार आवड होती गं, पण… ती म्हणाली, "मग आजी, आता कोण अडवतंय?" नववीतल्या पोरीला उसाशाची किंमत नसते. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी विजूला फोन केला, की दूरशिक्षणाने गणितात पदवी करता येते, वयाची अट नाही, पण ज्यांचं गणित सुटून बरीच वर्षं झाली त्यांना आधी पात्रता परीक्षा द्यावी लागते, त्यासाठी ठाण्यात एका शाळेत रिफ्रेशर कोर्स चालतो, आठ आठवड्यांचा, दुपारी… माझं वाक्य संपायच्या आत ती म्हणाली, "फॉर्म दोन आण." बस. पन्नास वर्षं ती कशाची वाट बघत होती ते मला तेव्हा कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली, कारण मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

वर्गात आम्ही बाराजण होतो. डिप्लोमा करून आलेली मुलं, कॉमर्स सोडून आलेली एक मुलगी, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि तिसऱ्या बाकावर आम्ही. बाक पाचवीच्या मुलांचे, त्यामुळे गुडघे कुठे ठेवायचे हाच पहिला प्रश्न. शिकवायला प्राची मॅडम. वय तीसच्या आत-बाहेर, राहायला ठाण्यापलीकडच्या दिव्याला. कधी दहा मिनिटं उशीर झाला तर आल्या आल्या सांगायच्या, पाणी आत्ता आलं, भरून निघाले. आणि पुढच्या श्वासाला खडू हातात. त्यांचा नियम एकच, पण कडक. खोडरबर आणायचा नाही. प्रत्येकाने एक वेगळी वही करायची, तिचं नाव चूकवही. डाव्या पानावर आपली चूक, जशी केली तशी, लपवाछपवी न करता. उजव्या पानावर दुरुस्ती. आणि खाली, ती चूक ज्याने शोधली त्याची सही. शेजाऱ्याने शोधली तर शेजाऱ्याची, मॅडमनी शोधली तर मॅडमची. सही नसेल तर ती चूक सुधारलेली धरायची नाही. म्हणजे वर्गात एकमेकांच्या वह्या बघणं हा गुन्हा नव्हता, अभ्यास होता.

मग काय, विजूचं फावलं. रोज अकराला माजिवड्याहून तिचा फोन यायचा. ती तिथे मुलाकडे, सोळाव्या मजल्यावर. मी डोंबिवलीत दुसऱ्या. दोघी फोन स्पीकरवर टाकून, कुकर लावून, एकच गणित सोडवायचो. मध्येच ती विचारायची, "उत्तर आलं?" मी आलं म्हणायची. "परत ठेवून बघितलंस?" म्हणजे आलेलं उत्तर मूळ गणितात घालून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहिलंस का. मी म्हणायची, तू वागळे इस्टेटमधून रिटायर झालीस, तुला कुणी सांगितलं नाही का? दुपारी वर्गात भेटलो की ती आधी माझी वही मागायची. आठ आठवड्यांत माझ्या चूकवहीत तिच्या सत्तावीस सह्या झाल्या. ठेंगण्या, गोल, कारखान्यात तपासलेल्या मालावर करतात तशा. तिच्या वहीत माझ्या सह्या चार. ती चुकतच नसे, निदान मला सापडेल असं चुकत नसे. या चाराला सत्तावीसचं मला किती वाईट वाटायचं ते सांगायची सोय नाही. पण खरं सांगू, यजमान गेल्यानंतर मी जे जगले त्यातले हे आठ आठवडे तेवढे मला दिवसागणिक आठवतात. बाकीचं सगळं एकाच मोठ्या दुपारसारखं आहे.

शेवटच्या आठवड्यात सरावाचा पेपर घरी सोडवायला दिला होता. सोमवारी शेवटचा वर्ग सुटल्यावर शाळेच्या जिन्यात विजूने माझा पेपर मागितला. पहिलंच गणित ते क्षचं. सगळ्यात सोपं म्हणून पहिलं. तिने कागदावर नखाने टिचकी मारली.

"नलू, शून्य कुठे गेलं?"

"कुठलं शून्य?"

"क्ष खोडलास, तेव्हा गेलं ते."

मी म्हटलं, शून्य हे काय उत्तर झालं? काही नाही त्यालाच शून्य म्हणतात. ती म्हणाली, अगं, काटा शून्यावर आहे म्हणजे गेज बंद आहे असं नसतं. वही काढ, सही करते. आमच्या शेजारून ती डिप्लोमावाली मुलं उतरत होती, एकाने वळून बघितलं. मला उगाच झोंबलं. मी वही पर्समध्ये कोंबली आणि म्हणाले, सत्तावीस झाल्या तेवढ्या पुरे, सगळ्यात सोप्या गणितावर तुझी सही मला नको. विजूने पेपरची घडी घालून माझ्या हातात दिला. मग हळूच म्हणाली, "तेव्हा पण तू अशीच न तपासता उठलेलीस. आणि नाव सासऱ्यांचं."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तेही जिन्यात, हळू आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने. मी एकटीच जिना उतरले. जिना उतरताना तिला माझ्या हाताचा आधार लागायचा, हे मला रस्त्यावर आल्यावर आठवलं. मी वळले नाही.

मग ते नऊ दिवस. अकरा वाजले की मी फोनकडे पाठ करून बसायची. तिचा येत नव्हता आणि मी करत नव्हते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी क्षच्या जागी शून्य ठेवून बघितलं होतं. दोन्ही बाजू जुळल्या. म्हणजे मला कळलं होतं. फोन करून तेवढंच सांगायचं होतं… पण म्हटलं, तिला करू दे आधी. जिन्यात कोण बोललं?

माजिवड्याला गेले तेव्हा तिला न्यायची तयारी चालली होती. बायका मला जागा करून देत होत्या, कॉलेजातली मैत्रीण, असं एकमेकींना सांगत होत्या. मी तिच्या नखांकडे बघत बसले. बाराव्या-तेराव्याला अमोलने तिचं गणिताचं सगळं सामान एका पिशवीत घालून मला दिलं. पुस्तक होतं, कंपासपेटी होती, सरावाचे पेपर होते. चूकवही नव्हती. सगळीकडे शोधली मावशी, म्हणाला, पण सापडली नाही. आमची दोघींची हॉल तिकिटं मात्र माझ्याकडेच होती, एका प्लास्टिकच्या फोल्डरात. मीच प्रिंट काढून आणली होती दोन्ही. तिच्या फोटोत ती असं बघतेय जणू फोटोवाल्याचा कॅमेरा तपासतेय.

परीक्षेला जायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. प्राची मॅडमना विजूचं अमोलकडून कळलं होतं. त्यांचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा तब्येतीचं कारण सांगितलं. खोटी कारणं सांगण्यात मी मुरलेली आहे, हे आता तुम्हाला माहीतच आहे. पण परीक्षेच्या दिवशी सकाळी नऊला आंघोळ करून बसले आणि लक्षात आलं, की आता अकरा वाजतील. रोजच वाजत होते, पण त्या दिवशी अकराला मी घरात कुठल्या खुर्चीत बसणार आहे ते मला स्पष्ट दिसलं. आणि उद्याही. आणि परवाही. पुन्हा अर्धा तास आधी उठून जायचं आणि नाव विजूच्या मरणाचं सांगायचं, तेही मला छान जमलं असतं. पुढची वीस वर्षं उसासा पुरला असता. मी फोल्डर उचलला आणि कल्याणला जाणारी रिक्षा केली.

फॉर्म एकत्र भरले म्हणून आमचे नंबर लागोपाठचे. कल्याणच्या त्या कॉलेजात माझ्या डावीकडच्या बाकावर विजूचा नंबर खडूने लिहिला होता. पर्यवेक्षकांनी विचारलं, या बाई येणार आहेत का? मी म्हणाले, "उशीर होईल त्यांना." का म्हणाले, देव जाणे. त्यांनी तिच्या बाकावर प्रश्नपत्रिका ठेवली. पंखा फिरला की तिचा कोपरा उचलला जायचा आणि परत बसायचा. अर्ध्या तासाने ते आले, यादीत खूण केली आणि प्रश्नपत्रिका घेऊन गेले. मी मान वर केली नाही. एकेक उत्तर काढत गेले, परत ठेवत गेले, दोन्ही बाजू जुळल्या की बाकावर नखाने टिचकी मारत गेले. पुढचा मुलगा एकदा वैतागून मागे वळला. शेवटची घंटा होईपर्यंत मी बसून होते. निकाल अजून लागायचा आहे. त्याबद्दल मला विचारू नका.

बाहेर फाटकाशी प्राची मॅडम उभ्या होत्या, सगळ्यांसाठी पेपरमिंटच्या गोळ्या घेऊन. मला बघून हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. म्हणाल्या, आजी, बसा इथे कट्ट्यावर. आणि पर्समधून निळ्या कव्हरची वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. विजूची चूकवही. शेवटचं पान उघडून दिलं. डाव्या बाजूला, विजूच्या नेटक्या अक्षरात, क्षचा वर्ग बरोबर पाच क्ष. दोन्ही बाजूंचा क्ष खोडलेला. खाली क्ष बरोबर पाच. खाली दोन रेघा. तारीख त्याच सोमवारची. सही मॅडमची.

म्हणजे त्या दिवशी माजिवड्याहून ती लवकर पोहोचली, मॅडमना पेपर दाखवला, स्वतःचं शून्य त्यांच्याकडून शोधून घेतलं, आणि तीन तासांनी जिन्यात माझ्यापुढे जगातली एकमेव शून्यतज्ज्ञ होऊन उभी राहिली! गेजच्या काट्यासकट! मी कट्ट्यावर बसून इतकी हसले की येणारी-जाणारी मुलं थांबून बघायला लागली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात तिच्याविरुद्ध काहीतरी सापडलं होतं. टोमणे एकामागून एक सुचत होते, एकाहून एक सरस. हात आपोआप पर्सकडे गेला. फोन काढलाही, तिचं नाव काढलं… आणि तसाच धरून बसले.

वही आता माझ्या टेबलावर असते. माझ्या वहीत त्या गणिताखालची सहीची जागा कोरी आहे, ती कोरीच राहील. त्या दिवशी कट्ट्यावर जरा वेळाने मी मॅडमना विचारलं, की ही वही तुमच्याकडे होती तर मला आधी का नाही दिलीत. त्या माझ्याजवळ बसल्या, एक पेपरमिंट कागदातून काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या,

"त्यांनीच माझ्याकडे ठेवायला दिलेली, आजी. म्हणालेल्या, नलूला आत्ता कळू देऊ नका मॅडम, परीक्षा झाली की मी स्वतः दाखवणार आहे, मला तिचं तोंड बघायचंय."